हजार लिटरमध्ये तीन दिवस: टंचाईतील घरगुती पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे, गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी, दर तीन दिवसांनी एकदा पाणी आणि तेही कमी दाबाने. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत टाकी कोरडी पडते आणि मग कोणी किती पाणी वापरले यावरून कुरबुर सुरू होते. घरात सत्तरी ओलांडलेल्या आई आहेत, वर्षाचे बाळ आहे, दाराशी दोन जुनी झाडे आहेत. दुष्काळ आणखी काही महिने चालेल अशी चिन्हे आहेत. एवढ्या पाण्यात आजारपण ओढवून न घेता निभावायचे कसे?

आधी आकडेमोड करू, कारण टंचाईत धीर देणारी पहिली गोष्ट हिशेबच असते. हजार लिटर तीन दिवसांत वाटले तर रोजचे सुमारे ३३३ लिटर, म्हणजे माणशी ६६ लिटर येतात. पिणे, स्वयंपाक, अंघोळ आणि स्वच्छता या मूलभूत गरजांसाठी माणशी रोज ५० ते १०० लिटर पाणी लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे संयुक्त राष्ट्रसंघ सांगतो. तेव्हा तुमचे पाणी कमी आहे, पण अपुरे नाही. मात्र टाकी दोन दिवसांत संपते, याचा अर्थ घरातून माणशी रोज १०० लिटर जात आहेत. आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्यातील बरेचसे पाणी घरात कोणी वापरलेलेच नसते. पाणीपुरवठ्याची आणि घरातील पाणीवापर तपासण्याची कामे मी पंचवीस वर्षे करीत आलो आहे. बहुतेक घरांत भांडण चालते अंघोळीच्या बादलीवरून, आणि पाणी जाते फ्लशच्या टाकीतून.

म्हणून कोणालाही काटकसर सांगण्याआधी एक रात्र मोजणीला द्या. टाकी सरळ उभी असेल आणि ती भरल्यावर पाणी सुमारे १०० सेंटिमीटर चढत असेल, तर दर सेंटिमीटरला दहा लिटर असा सोपा हिशेब बसतो. स्वच्छ धुतलेली काठी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा, रात्री शेवटचा माणूस झोपल्यावर पातळी पाहा आणि पहाटे कोणी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहा. त्या रात्री पुरते सर्वांनी फ्लश न ओढता बादलीतील पाणी वापरावे. पातळी तसूभरही हलता कामा नये.

एका घरातील प्रसंग मला नेहमी आठवतो. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत पातळी सात सेंटिमीटर उतरली होती. नळ सगळे कोरडे, भिंतीला कुठे ओल नाही, कुठे आवाज नाही. शेवटी कमोडच्या आतील मागचा भाग पुसून कोरडा केला आणि त्यावर कोरड्या कागदाची पट्टी चिकटवली. दोन-तीन मिनिटांत पट्टीच्या मधोमध ओलीची उभी रेघ उमटली आणि हळूहळू रुंद होत गेली. फ्लशच्या टाकीच्या तळाशी असलेले रबरी झाकण क्षारांनी कडक झाले होते, त्याची एक कड नीट बसत नव्हती, आणि तिच्यातून पाण्याचा पातळ पापुद्रा चिनीमातीवरून सतत सरकत होता. सहा तासांत सत्तर लिटर म्हणजे दिवसाला २८० लिटर. तुमच्या घराच्या रोजच्या हिश्श्यापैकी जवळजवळ सगळे पाणी एका रबराच्या तुकड्यापायी जाऊ शकते, आणि त्या घरात तोवर मुलांना दात घासण्यावरून बोलणी बसत होती.

हीच तपासणी रंगानेही होते. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा आणि वीस मिनिटे फ्लश ओढू नये; कमोडमध्ये रंग उतरला तर झाकण गळते आहे हे नक्की समजावे. टाकीतील पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडावरून सांडत असेल तर दोष झाकणात नसून फ्लोटमध्ये, म्हणजे टाकी भरल्यावर पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या फुग्यात असतो, आणि त्याची उंची थोडी खाली केली की काम भागते. नळाची ठिबक याहून लहान, पण ती दुर्लक्षिण्याजोगी नाही: सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे सुमारे वीस लिटर. वॉशर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. गच्चीवरील टाकीचा बॉलकॉक आणि तिची ओसंडणारी नळी मात्र पाणी येण्याच्या दिवशी स्वतः वर जाऊन पाहा. तीन दिवसांनी आलेले पाणी रात्रीच्या अंधारात पन्हाळीतून वाहून जाणे यासारखे दुसरे नुकसान नाही.

गळती बंद झाली की मग धारेकडे वळावे. लिटरभराची बाटली नळाखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहा. सहा सेकंदांत भरली तर नळ मिनिटाला दहा लिटर देतो, आणि दोन मिनिटे उघड्या नळाखाली दात घासणारा माणूस वीस लिटर सोडून देतो, म्हणजे एका अंघोळीहूनही जास्त पाणी. नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, जिला एरेटर म्हणतात, पाण्यात हवा मिसळून धार मोठी भासवते आणि वापर बराच कमी करते. ती मिळाली नाही तर बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाला येणारे पाणी बंद करणारी छोटी चावी, अर्ध्याहून अधिक बंद करून ठेवावा. कोणी कितीही घाईत नळ पूर्ण उघडला तरी धार बारीकच राहते. घरातील लहान-थोर सर्वांना रोज आठवण करून देण्यापेक्षा हे कितीतरी बरे. शॉवर या काळात बंद ठेवावा, कारण साधा शॉवर मिनिटाला आठ ते पंधरा लिटर पाणी टाकतो आणि अंघोळ किती मिनिटे चालली हे आतल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. बादलीचे तसे नसते. ती संपते हे दिसते.

आता वाटणी. माणशी रोजचा माझा हिशेब असा आहे: पिणे आणि स्वयंपाक ८ लिटर, अंघोळ १५, हात-तोंड धुणे ६, भांडी ८, कपडे १२, शौचालय १५, फरशी पुसणे २, एकूण ६६. यात कोणाची आबाळ होत नाही. पण खरी बचत पुढे आहे. शौचालय आणि फरशी यांच्या १७ लिटरना ताज्या पाण्याची गरजच नसते. ते अंघोळीच्या आणि कपड्यांच्या पाण्यातून भागवले की ताजे पाणी माणशी ४९ लिटर लागते, घराला रोज २४५ आणि तीन दिवसांत ७३५. त्यामुळे एखादी पाळी चुकून पाणी चौथ्या दिवशी आले, तरी ९८० लिटरमध्ये घर निभावते. ही एका दिवसाची शिल्लक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण टंचाईत वेळापत्रक पाळले जाईल याची खात्री कोणालाच देता येत नाही.

यासाठी घरातील पाण्याची उतरंड मनात पक्की असावी. सर्वांत वर पिण्याचे पाणी, त्याखाली स्वयंपाकाचे, मग अंगाला लागणारे, मग भांड्यांचे, कपड्यांचे, आणि सर्वांत खाली फरशी व शौचालय. पाणी वरून खाली उतरते, खालून वर कधीही चढत नाही. भाज्या धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला चालते; कपडे शेवटचे खळबळलेले पाणी पुढच्या कपड्यांना भिजवायला घेता येते, आणि साबणाचे मळके पाणी शौचालयात जाते. अंघोळ करताना उथळ, रुंद टबात उभे राहिले तर पंधरा लिटरपैकी दहा लिटर सहज हाती लागतात. पाच जणांचे पन्नास आणि कपड्यांचे साधारण तेवढेच, म्हणजे रोज शंभर लिटर. गरज आहे ८५ लिटरची. भांडी घासण्यापूर्वी खरकटे कोरडेच निपटून काढावे आणि भांडी एका पातेल्यात भिजवावीत, म्हणजे ती धुवायला धार लागत नाही.

वापरलेल्या पाण्याबाबत काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. ते चोवीस तासांपेक्षा जास्त साठवू नये. त्यातील मळ आणि साबण कुजून जंतू वाढतात आणि वास सुटतो. ते फ्लशच्या टाकीत भरू नये, थेट कमोडमध्ये ओतावे, कारण टाकीत गाळ बसला की तेच रबरी झाकण पुन्हा गळू लागते. ओतताना चार-पाच लिटर एका झटक्यात ओतावे. हळूहळू ओतलेले पाणी मैला ढकलत नाही आणि दुप्पट लागते. जुन्या, कमी उताराच्या पाइपांत कमी पाण्याने मैला साचून राहतो, म्हणून दिवसातून एकदा भरलेली मोठी बादली मोकळेपणाने ओतून मार्ग साफ करावा. बाळाचे लंगोट धुतलेले पाणी, किंवा घरात कोणाला जुलाब होत असताना त्याच्या अंघोळीचे पाणी, साठवू नये आणि झाडांनाही घालू नये. ते लगेच शौचालयात टाकावे. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असेल तर ते एक लिटर पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते क्षारयुक्त पाणी भांडी आणि फरशीला उत्तम चालते, कुंड्यांना रोज घालू नये.

काटकसर कुठे करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पिण्याचे पाणी कोणीही कमी करू नये, विशेषतः आईंनी. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, आणि शौचालयात पाणी जास्त लागेल या संकोचाने वृद्ध माणसे मुद्दाम कमी पाणी पितात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. दिवसभराचे त्यांचे पाणी सकाळीच वेगळे भरून त्यांच्याजवळ ठेवावे, म्हणजे ते संपले की नाही हे कळते. दुसरी गोष्ट हात धुण्याची. शौचानंतर, बाळाचे आवरल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे सुटले की जुलाब घरात शिरतात, आणि एका आजारी बाळाची स्वच्छता जेवढे पाणी मागते तेवढे आठवडाभर हात धुऊनही खर्च होत नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीला बुडाजवळ खिळ्याने एक बारीक भोक पाडावे आणि ती भरून बेसिनवर ठेवावी. झाकण घट्ट असते तोवर आत हवा जात नाही आणि पाणी थांबून राहते. झाकण थोडे सैल केले की बारीक धार सुरू होते. पावशेर पाण्यात हात स्वच्छ निघतात.

पाणी कमी असते तेव्हा ते बहुधा वाईटही असते, आणि याकडे लोकांचे दुर्लक्ष होते. पुरवठा अधूनमधून होत असेल तर मधल्या काळात पाइप रिकामे राहतात, त्यांच्या फटींतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते आणि ते पुढच्या पाळीच्या पहिल्या पाण्याबरोबर घरात येते. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते वेगळ्या बादल्यांत घ्यावे आणि उतरंडीच्या सर्वांत खालच्या कामांना वापरावे. गढूळ पाणी आधी तुरटीने किंवा नुसते स्थिर ठेवून निवळू द्यावे, वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात काढावे, दाट कापडातून गाळावे आणि मगच निर्जंतुक करावे, कारण गाळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होऊन जाते. क्लोरीनची गोळी जितक्या लिटरसाठी सांगितली असेल तितक्याच पाण्यात घालून अर्धा तास थांबावे. उकळायचे असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंचावर तीन मिनिटे. बाळाचे पाणी उकळलेलेच असावे. पिण्याच्या भांड्यात हात बुडू नये यासाठी लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटी असलेले पिंप ठेवावे.

येथे एक धोक्याची सूचना. नळाचे पाणी पुरत नाही म्हणून खोल बोअरचे किंवा टँकरचे पाणी घ्यावे लागले, तर ते कुठले आहे हे विचारा आणि एकदा तरी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. भूजल खोल जाते तशी अनेक ठिकाणी त्यातील क्षार आणि फ्लोराइड वाढतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. पाणी दिसायला निर्मळ आहे, उकळलेही आहे, म्हणून बाळाला द्यावे, असा समज अशा ठिकाणी घातक ठरतो.

साठवण वाढली की डास वाढतात. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी घरातील पिंप, बादल्या, कुंडीखालच्या ताटल्या अशा साठलेल्या पाण्याच्या जागी, पाण्याच्या कडेला भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्या भांड्यातही काही महिने तग धरतात आणि पाणी चढताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आठवड्यातून एकदा त्याची आतली भिंत घासणीने घासावी लागते. यासाठी पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी, भांडी तळाला गेलेली असतात तेव्हाची वेळ धरा, म्हणजे त्यात पाणी वाया जात नाही. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट नसेल तर त्यावर दाट जाळी बांधा, आणि ओसंडणाऱ्या नळीच्या तोंडालाही.

झाडांविषयी तुम्ही काळजीने विचारले आहे, आणि ती काळजी योग्य आहे. हिरवळ आणि फुलझाडे पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात, जुने झाड लावता येत नाही. पण त्यांना रोज थोडे पाणी घालू नका, कारण वरची चार बोटे माती ओली होऊन ते उडून जाते. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, सूर्य मावळल्यावर, भरपूर आणि सावकाश द्या, आणि खोडाशी न देता फांद्यांच्या घेराखाली, जिथे पाणी शोषणारी बारीक मुळे असतात तिथे द्या. जमिनीवर चार-पाच बोटे जाड पालापाचोळा पसरा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नका. दुपारी पाने मलूल दिसतात म्हणून पाणी देऊ नये. सकाळीही ती मलूल असतील तर झाड खरोखर तहानलेले आहे. बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, तोंड झाकून ठेवले तर त्याच्या भिंतीतून मुळांना हवे तेवढेच पाणी पाझरत राहते. मडक्यात मात्र साधेच पाणी घालावे, साबणाच्या पाण्याने त्याची छिद्रे बुजतात. अंघोळीचे पाणी झाडांना थेट द्यायला हरकत नाही. धुण्याच्या साबणात सोडियम अधिक असल्याने ते पाणी सतत घातले तर माती घट्ट होते, पाणी जिरेनासे होते आणि पानांच्या कडा करपतात; असे दिसले तर ते लगेच थांबवावे. पावसाची एखादी सर आलीच तर ती सोडू नका: एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर एक लिटर पाणी देतो, आणि पाच मिलिमीटरची किरकोळ सरही चाळीस चौरस मीटर छपरावर २०० लिटर टाकते. धूळ धुऊन येणारे पहिले तीस-चाळीस लिटर वेगळे काढून उरलेले झाडांना आणि धुण्याला ठेवावे.

कुरबुरीचे उत्तर शेवटी माणसांना समजावण्यात नसून आकडा सर्वांना दिसण्यात आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहराने माणशी रोज ५० लिटरची मर्यादा लावली होती. त्या काळात तेथे धरणांची पातळी दर आठवड्याला जाहीर होत असे आणि कमी पाणी वापरणारी घरे शहराच्या नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवली जात. नळ पूर्ण बंद करण्याची जी तारीख समोर दिसत होती, ती अखेर आली नाही. त्यानंतरच्या पावसाचा त्यात मोठा वाटा होता, पण तोवर लोकांनी वापर निम्म्याच्या आसपास आणला होता. घरातही हेच करा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा आणि रोज रात्री काठीची पातळी त्यावर लिहा. ज्या दिवशी ती २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरली असेल, त्या दिवशी कोणाला न विचारता आधी फ्लशमध्ये रंग टाकून पाहा. कागद लावल्यापासून आठवड्याभरात आरोप थांबलेली घरे मी पाहिली आहेत; तिथे मुलेच रात्री काठी घेऊन वर जाऊ लागली.

राहिला प्रश्न आईंचा. पाण्याची ही सगळी उतरंड हातांनी वाहून न्यावी लागते, आणि दहा लिटरची बादली दहा किलोची असते. ती ओल्या मोरीतून उचलताना पाय घसरला तर वाचलेल्या पाण्याचे काहीच मोल राहत नाही. म्हणून त्यांच्या शौचालयात दोन-दोन लिटरचे, धरायला कान असलेले चार कॅन, भिंतीलगत गुडघ्याच्या उंचीच्या फळीवर ठेवा, म्हणजे वाकावे लागणार नाही. ते भरण्याचे काम रोज रात्री घरातील धडधाकट माणसाने करावे. त्या भागातील फरशी कोरडी राहील याकडे लक्ष ठेवा, आणि रात्री-अपरात्री त्यांनी सरळ फ्लश ओढला तर त्याबद्दल त्यांना एक शब्दही बोलू नका. चौथ्या दिवसासाठी राखलेल्या शिलकीत तेवढे पाणी धरलेले आहे.